खाजन शेतीवरच्या पुस्तकाचा प्रस्ताव : छोट्या प्रकाशकाला काय आणि किती पाठवावं?

मांडवीकाठ

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या खाजन शेतीवर (नदीमुखाजवळ भरतीचं खारं पाणी बांधांनी अडवून केलेली भातशेती) मराठीत माहितीपर पुस्तक लिहिते आहे. १४ प्रकरणं, अंदाजे ७०,००० शब्द. सहा प्रकरणं पक्की आहेत, चारांचा कच्चा खर्डा आहे, बाकीच्या चारांची फक्त टिपणं. फोटो ८० च्या आसपास आणि पाच नकाशे. पुणे आणि कोकणातल्या दोन-तीन छोट्या प्रकाशकांना प्रस्ताव पाठवायचा विचार आहे.

सगळं लिहून होईपर्यंत थांबावं का? नमुना म्हणून कोणतं प्रकरण पाठवावं? फोटो सोबत जोडायचे का? आणि सारांश असा लिहिला आहे, स्पष्ट मत सांगा:

«गोव्याच्या मातीशी आणि पाण्याशी घट्ट नातं सांगणारी, शेकडो वर्षांची समृद्ध परंपरा लाभलेली खाजन शेती आज अस्तंगत होण्याच्या मार्गावर आहे. या परंपरेचा सर्वांगीण वेध घेणारं हे मराठीतलं पहिलंच पुस्तक असून अभ्यासक, शेतकरी, विद्यार्थी, पर्यावरणप्रेमी आणि सर्वसामान्य वाचक अशा सर्वांनाच ते उपयुक्त ठरेल.»

---

मुद्रितशोधक

थांबू नका. कादंबरी असती तर पूर्ण संहिता हातात असल्याशिवाय कोणी विचार केला नसता, पण माहितीपर पुस्तकाला सहा पक्की प्रकरणं पुरेशी आहेत. उलट आत्ता पाठवलंत तर प्रकाशक लांबी, फोटोंची संख्या, प्रकरणांचा क्रम याबद्दल बोलू शकतो. १४ प्रकरणं लिहून झाल्यावर त्यानेच «१० करा» म्हटलं तर काम दुप्पट.

सारांशाबद्दल स्पष्टच सांगतो. यातून «खाजन» आणि «गोवा» काढून दुसरी कुठलीही कला आणि दुसरा कुठलाही जिल्हा घाला, बाकी एक अक्षर बदलावं लागत नाही. «सर्वांनाच उपयुक्त» वाचलं की प्रकाशक समजतो, नेमका गिऱ्हाईक ठरलेला नाही. «पहिलंच पुस्तक» हे तर काढाच. तो शोधणार, विद्यापीठाचा एखादा प्रबंध किंवा जुनी पुस्तिका त्याला सापडणार, आणि मग बाकीच्या विधानांवरही त्याचा विश्वास राहणार नाही. सारांशात गोष्ट कशी चालते ते सांगा, कौतुक वाचणाऱ्याला करू द्या. साधारण असं:

«मांडवी-झुवारीच्या मुखातून भरतीचं खारं पाणी आत शिरतं. चिखल, पेंढा आणि जांभ्याचे बांध घालून ते अडवायचं, पावसाने जमिनीतला क्षार धुतला की खारेपण सोसणारं कोरगुट भात लावायचं, आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, लाकडी दारांतून पाणी आत-बाहेर करत मासेही धरायचे, अशी ही शेती. बांधांची देखभाल पूर्वी गावकारीकडे, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेकडे, होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे गेली. बांध फुटला की शेतात खारं पाणी भरतं, तिथे खारफुटी उगवते आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे तीच जमीन पुन्हा शेतीखाली आणणं अवघड होतं. बांध कोणी सांभाळायचा, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे.»

शंभरही शब्द झाले नाहीत. यात तुमच्या स्वतःच्या नोंदींतली दोन-तीन गावं आणि माणसं घालून ते २५० ते ३०० पर्यंत न्या. त्यापुढे नको.

प्रस्ताव नमुना प्रकरण सोडून आठ-दहा पानांचा असावा. पहिलं पान पत्राचं: पुस्तक कशावर, किती शब्द, किती झालं, उरलेलं कधी होईल, आणि हाच प्रस्ताव आणखी कोणाकडे पाठवला आहे का. हे शेवटचं लपवू नये, छोट्या प्रकाशकांची एकमेकांशी ओळख असते. मग सारांश. मग प्रकरणवार आराखडा, प्रत्येकाला ८० ते १०० शब्द. इथे बहुतेक जण घसरतात, कारण ते विषय लिहितात: «या प्रकरणात मानशीच्या रचनेची माहिती आहे.» त्याऐवजी माहितीच लिहा: मानस कुठल्या लाकडाची, दारं भरतीच्या रेट्याने आपोआप कशी मिटतात, मासेमारीच्या हक्काचा लिलाव कोण करतं. ज्या चार प्रकरणांची फक्त टिपणं आहेत त्यांच्यापुढे तसं लिहा आणि कोणत्या नोंदी, कोणाच्या मुलाखती, कुठली कागदपत्रं बाकी आहेत तेही लिहा. वाचणाऱ्याला भरलेलं आणि पोकळ प्रकरण ओळखू येतंच.

लेखक-परिचय १५० शब्दांत आटपा. शाळेत मिळालेली बक्षिसं नकोत. या विषयाशी तुमचा संबंध काय, पोर्तुगीज कागद तुम्ही स्वतः वाचता की कोणाकडून वाचून घेता, आधी कुठे लिहिलं आहे, एवढं पुरे. यातलं एखादं प्रकरण दिवाळी अंकात आलं असेल तर अंकाचं नाव आणि वर्ष द्या.

नमुना प्रकरण मानशीचं पाठवा. «गोव्याचा प्राचीन इतिहास» छापाचं पहिलं प्रकरण अजिबात नको, ते सगळ्यांचं सारखंच असतं. प्रस्तावना तर नकोच, मग ती कितीही मोठ्या माणसाने लिहिलेली असो. नमुन्यात तळटिपा, फोटोओळी आणि संदर्भ पुस्तकात जसे असणार तसेच ठेवा. तुमच्या कामाची शिस्त त्यावरून कळते. लेखन साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे हवं. संवादात आणि मुलाखतीत बोलीतले उच्चार ठेवले असतील तर तशी एक ओळ वर टाका, नाहीतर प्रकाशकाचा मुद्रितशोधक ते «दुरुस्त» करून ठेवेल.

---

फर्मा१६

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण छोटा प्रकाशक सारांश वाचून झाला की कागद-पेन्सिल घेऊन बसतो. ते गणित तुम्हीच आधी करून पाहा.

डेमी आकारात (साडेपाच बाय साडेआठ इंच) मराठी मजकूर पानाला २८० शब्दांच्या आसपास बसतो. ७०,००० शब्द म्हणजे २५० पानं. अर्ध्या पानाचे ३० कृष्णधवल फोटो धरले तर १५ पानं. सुरुवातीची शीर्षकं-श्रेयनामावली-अनुक्रम १०, शब्दसूची ८, नामसूची ६. एकूण २८९. आता फर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं) १६ पानांचा. १८ फर्म्यांची २८८ पानं होतात, तुमचं एक पान बाहेर पडलं. त्या एका पानासाठी आणखी किमान अर्धा फर्मा लावावा लागतो. म्हणून प्रस्तावात «२८८ पानांत बसवता येईल» असं लिहा आणि खरंच बसवा. दोन-तीनशे शब्द कापणं तुमच्या हातात आहे.

पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, दर तुमच्या प्रकाशकाचे वेगळे असतील. ५०० प्रती, किंमत ४०० रुपये, छपाई-बांधणी प्रतीला १२० धरा. म्हणजे ६०,००० आधीच गेले. लेखक, परीक्षणं आणि कायद्याने ग्रंथालयांना द्यायच्या मिळून ४० प्रती फुकट. उरलेल्या ४६०. विक्रेते आणि वितरक मिळून सरासरी ४५ टक्के सूट घेतात असं धरलं तर प्रतीमागे २२० हातात, म्हणजे १,०१,२००. त्यातून छापील किमतीवर १० टक्के मानधन १८,४००. छपाई वजा केली की उरतात २२,८००. अक्षरजुळणी, मुद्रितं, मुखपृष्ठ, नकाशे, गोदाम सगळं यातून, आणि तेही शेवटची प्रत विकली गेल्यावर! एकही रंगीत पान यात धरलेलं नाही.

त्यामुळे ८० फोटो हा आकडा प्रस्तावात पाहिला की प्रकाशक दचकेल. ३० कृष्णधवल मजकुरात, आणि रंगाशिवाय ज्यांना अर्थच नाही असे १२-१५ एकाच आठ पानी रंगीत आर्ट पेपरच्या तुकड्यात, असा प्रस्ताव ठेवा. रंगीत फोटो मजकुरात विखुरले तर जवळपास प्रत्येक फर्मा चार रंगांत छापावा लागतो.

फोटो मेलला जोडू नका. सहा निवडक फोटो लहान करून पीडीएफमध्ये, बाकीच्यांची यादी: क्रमांक, ओळ, कोणी काढला, परवानगी आहे की मागायची आहे. मूळ फाइली मात्र जपून ठेवा. पूर्ण पानाला ३०० डीपीआयने किमान १६५० बाय २५५० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो, पडद्यावर बरा दिसतो आणि कागदावर बांधाचा चिखल आणि पाणी एकच राखाडी पट्टा होऊन बसतो. वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेल्या फोटोचंही तेच.

नकाशे गुगलवरून उचलून चालणार नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरून नव्याने काढून घेतले आणि श्रेय दिलं तर चालतं. काळ्या रेषांचे, राखाडीच्या दोन-तीन छटांचे काढा.

आणि मजकूर युनिकोडमध्ये. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेली फाइल समोरच्याकडे तो फाँट नसेल तर निव्वळ रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसते. वर्ड आणि पीडीएफ दोन्ही पाठवा. पीडीएफ वाचायला, वर्ड शब्द मोजायला.

---

खारेपाटकर

वाचकवर्गाच्या पानाबद्दल कोणीच बोललं नाही. पुण्यातला प्रकाशक पहिलं हेच विचारणार की गोव्याबाहेर हे कोण घेईल. उत्तर आहे, फक्त लिहायला हवं. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठी खारभूमी आहे, तिचे बांध आहेत, ते फुटतात, आणि त्यासाठी महाराष्ट्रात १९७९ चा वेगळा खारभूमी विकास कायदा आहे. अलिबाग तालुक्यातला चरीचा शेतकरी संप (१९३३ ते १९३९) याच खारेपाटातला, म्हणजे खारभूमीच्या पट्ट्यातला. एक प्रकरण या तुलनेला दिलंत तर पुस्तकाला दुसरा जिल्हा मिळतो. पण तुलना वरवरची असेल तर करू नका, इथले लोक लगेच पकडतील.

«पर्यावरणप्रेमी» असं मोघम न लिहिता मोजता येईल असं लिहा: कोणत्या महाविद्यालयांच्या भूगोल विभागांशी बोलणं झालं आहे, कोणत्या शेतकरी संघटनेने प्रती घ्यायची तयारी दाखवली आहे, प्रकाशनपूर्व सवलतीत किती जण नाव नोंदवतील. ६० नावांची खरी यादी «हजारो वाचक» यापेक्षा वजनदार. अनुदान मिळेल असं गृहीत धरून मात्र काही लिहू नका, योजनांच्या अटी दर वर्षीच्या जाहिरातीत बघाव्या लागतात.

तीन-चार जवळची पुस्तकंही सांगा, मराठीतली आणि इंग्रजीतली, आणि तुमचं त्यांच्यापेक्षा वेगळं कशात ते प्रत्येकी दोन ओळींत. त्यांना नावं ठेवू नका. त्यातलं एखादं त्याच प्रकाशकाचं असू शकतं.

---

कलम१९

करार अजून लांब आहे, तरी प्रस्तावाआधी डोक्यात असू द्या. स्वामित्वहक्क कायदा १९५७, कलम १९: हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारत असं धरलं जातं. मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत तुमच्याकडे येतो, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. आणि छापील करारनाम्यात बहुतेक वेळा वेगळं लिहिलेलं असतं, ते कलम शोधा. मराठी छापील आवृत्तीचा हक्क द्या. कोंकणी आणि इंग्रजी अनुवाद, ई-बुक आणि ध्वनिपुस्तक यांचं वेगळं बोला.

«लेखकाने २०० प्रती ४० टक्के सवलतीत घ्याव्यात» अशी अट आली तर वरच्या गणितात घालून बघा. २४० गुणिले २०० म्हणजे ४८,०००. फर्मा१६ यांनी धरलेल्या ६०,००० च्या छपाईखर्चातले ८० टक्के तुम्हीच दिलेत. हे वाईटच असं माझं म्हणणं नाही, पण मग त्या २०० प्रतींवर मानधन आहे का आणि उरलेल्या ३०० चा हिशेब वर्षातून किती वेळा मिळणार, हे कागदावर हवं.

जुने फोटो वापरणार असाल तर: २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राचं स्वामित्व छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतं. घरगुती अल्बममधला, कधीच न छापलेला फोटो जुना आहे म्हणून मोकळा होत नाही. घरच्यांकडून दोन ओळींची लेखी परवानगी घ्या. मुलाखती दिलेल्यांची नावं छापणार असाल तर त्यांचीही; लिलाव आणि बांधफोडीबद्दल बोलणाऱ्यांची तर आधी.

---

मांडवीकाठ

सर्वांचे आभार. सारांश पुन्हा लिहायला घेतला आहे, फोटो ४२ वर आणले. दोनच शंका. तिघांना एकदम पाठवलं तर चालेल ना? आणि उत्तर आलं नाही तर आठवण कधी करायची?

---

मुद्रितशोधक

चालेल, पण तीन वेगळे मेल. एकाच मेलमध्ये तिन्ही पत्ते दिसले तर तिघेही उत्तर देणार नाहीत. पत्राचा दुसरा परिच्छेद प्रत्येकासाठी वेगळा लिहा, त्यांच्या यादीतल्या कोणत्या पुस्तकांशेजारी हे बसेल ते सांगणारा. विषयाच्या ओळीत «पुस्तक-प्रस्ताव : खाजन शेती, माहितीपर, ७०,००० शब्द» एवढंच.

तीन महिन्यांनी एक ओळीची आठवण. दिवाळीच्या आधीचे दोन महिने आणि साहित्य संमेलनाच्या आगेमागे पाठवू नका. मार्चमध्येही नको, ग्रंथालयांची खरेदी तेव्हा चालू असते आणि छोट्या प्रकाशकाकडे बिलं करणारा आणि हस्तलिखित वाचणारा माणूस बहुधा एकच असतो. एप्रिल-मे बरा.

---

फर्मा१६

४२ म्हणजे ३० अधिक १२ ना? मग यादीत रंगीत कोणते ते खुणा करून ठेवा. आणि आठ पानी तुकड्यात १२ फोटो म्हणजे काही पानांवर दोन येणार, तेव्हा आडवे-उभे जोडीने निवडा.