झुरिक ते मिलान : गाडीने जावं की रेल्वेने? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मेअखेरीस आई-बाबांना घेऊन झुरिकहून मिलानला जायचंय. अंतर २८० किमीच्या आसपास, गूगल साडेतीन तास दाखवतंय, म्हणून भाड्याची गाडी घ्यायच्या विचारात होतो. ऑफिसातला एक जण म्हणतो, पाच-सहा तास धरूनच चल. एवढा वेळ जातो कुठे? रेल्वेने किती लागतात? स्विस ट्रॅव्हल पास घेतलाय. आईचे गुडघे दुखतात, शक्यतो गाडी बदलणं नको. बाबा रेल्वेतून निवृत्त, उमेदीची वर्षं कर्जत-लोणावळा घाटात गेली. त्यांना मिलानशी देणंघेणं नाही, आल्प्सचा घाट बघायचाय.

प्रतिसाद १ :
वेळ आल्प्समधल्या गोटहार्ड डोंगरातल्या रस्त्याच्या बोगद्यापाशी जातो. १९८० साली सुरू झालेला, जवळपास १७ किमीचा, आणि जायला एक लेन, यायला एक. ईस्टर, पेंटेकॉस्ट (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण) आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी तोंडाशी काही किलोमीटरची रांग लागते. पेंटेकॉस्ट पुष्कळदा मेअखेरीसच येतो, तारीख ताडून बघा. शिवाय गाडी एका देशात घेऊन दुसऱ्यात सोडली की वेगळा भुर्दंड, आणि मिलानमध्ये मध्यवस्तीत शिरायचे पैसे. आम्ही एकदा हौस केली. पुन्हा नाही.

प्रतिसाद २ :
सरळ युरोसिटी, म्हणजे एका देशातून दुसऱ्यात जाणारी गाडी, घ्या. झुरिक ते मिलानो चेंत्राले (मिलानचं मुख्य स्टेशन) साधारण सव्वातीन-साडेतीन तास, गाडी बदलावी लागत नाही. पास कियासोपर्यंत, म्हणजे सीमेपर्यंतच चालतो. पुढचं तिकीट वेगळं काढा आणि सीट आरक्षित करा. ही गाडी २०१६ साली सुरू झालेल्या ५७ किमीच्या, गोटहार्डच्याच पायथ्याच्या बोगद्यातून जाते, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा.

धागाकर्ता :
म्हणजे आल्प्स आले आणि गेले, आणि बाबांनी वीस मिनिटं काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघितलं! जुना मार्ग बंद झाला का हो?

प्रतिसाद ३ :
मुळीच नाही. ‘ट्रेनो गोटार्डो’ नावाची गाडी १८८२ च्या जुन्या मार्गानेच जाते. पायथ्याचा बोगदा ५५० मीटरच्याही वर चढत नाही, ही मात्र ११५० मीटरवर जाऊन १५ किमीच्या जुन्या बोगद्यात शिरते. चढ जवळपास तुमच्या बोरघाटाइतकाच, ३७ ला १ (३७ मीटर गेलं की १ मीटर वर) च्या आगेमागे. उंची गाठायला रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरवलेत. त्यामुळे वासेन गावचं चर्च तीनदा दिसतं : आधी मान वर करून, मग समोर, मग खाली. बाबांना आधी सांगू नका, त्यांना ओळखू द्या. घाट उतरल्यावर बेलिंझोना स्टेशनला उतरून मिलानची युरोसिटी पकडायची. एकूण पाच तासांच्या आसपास, आणि गाडी एकदाच बदलायची. झुरिकहून थेट कोणती सुटते ते वेळापत्रकात बघा, काही बाझेलहून येतात.

धागाकर्ता :
ठरलं, जुना घाट. आई म्हणाली, एकदा उतरायला माझी हरकत नाही, बॅगा तू उचल. बाबांचा एकच प्रश्न : चढाला मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावतात का?

प्रतिसाद ३ :
नाही. आपल्या लोकलसारखीच, मोटर डब्यांखाली. थोडे हिरमुसतील, पण सांगून टाका.