तिसरीतला मुलगा वाचनाच्या तासालाच वर्ग डोक्यावर घेतो. काय करावं?

पाटीपेन्सिल:
जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. वर्गातला एक मुलगा गणितात चुणचुणीत आहे. पण भाषेचं पुस्तक उघडलं की पेन्सिलीला टोक करायला उठतो, पाणी मागतो, शेजारच्याच्या खोड्या काढतो. साधे शब्द वाचतो, जोडाक्षर आलं की अंदाजाने ठोकून देतो. केंद्र सरकारच्या निपुण भारत या वाचन-गणित अभियानाचं उद्दिष्ट तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचण्याचं आहे, त्यापासून तो बराच लांब आहे. वडील म्हणतात, "दोन फटके द्या, येईल वळणावर." मला ते करायचं नाही. अनुभवी मंडळींनी सुचवा.

मधली_सुट्टी:
ताई, फटके नाहीतच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नेच त्यांना बंदी आहे. मी निवृत्त शिक्षक. आधी आठवडाभर वहीत टिपा, तो नेमका कधी उठतो. गणितात, चित्रकलेत बसत असेल आणि वाचनालाच उठत असेल, तर तो वाचनातून सुटका शोधतोय. अशा मुलाला वर्गाबाहेर उभं केलं की त्याला हवं तेच मिळतं, आणि उद्या तो आणखी लवकर उठतो.

सगळ्यांसमोर एकट्याला वाचायला उभं करू नका. आधी तुम्ही वाचा, त्याचं बोट ओळीखाली फिरू दे. मग दोघं एका सुरात वाचा, मग तो एकटा. उतारा चार-पाच ओळींचाच, पण तोच तीन-चार दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अडखळणं कमी होतं आणि त्याचं त्यालाच ते कळतं. त्या क्षणी "शाब्बास"वर थांबू नका. "'पुस्तक' मधला स्त आज न अडता वाचलास" असं नेमकं सांगा. पेन्सिल, पाणी हे सगळं तासाआधीच उरकून घ्या.

आईची_वही:
पालक म्हणून लिहिते. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, हे फार राहून जातं. घ-ध, भ-म यांची गल्लत, वेलांट्या सुटणं हे मन लावून शिकवूनही महिनोन्‌महिने टिकलं, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाण्याची, तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती येते. तिचं प्रमाणपत्र मुलाला साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं, पण मदतीसाठी त्या कागदाची वाट बघू नका. आणि तो प्रत्येक तासाला, घरीसुद्धा असाच अस्वस्थ असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण वेगळं असू शकतं.

पाटीपेन्सिल:
सर, ताई, मनापासून आभार. गणितात तो खरंच जागचा हलत नाही. पण दोन इयत्ता एकत्र आहेत, रोज त्याच्या एकट्यासाठी वेळ कुठून काढू?

मधली_सुट्टी:
परिपाठ संपल्यावर दहा मिनिटं पाचवीतली एखादी शांत मुलगी त्याच्याजवळ बसवा. चुकला की तिने हसायचं नाही, शब्द सांगून पुढे जायचं, एवढं तिला आधी शिकवा. तुमच्या वाट्याला आठवड्यातून दोनदा ऐकणं येईल. आणि गणितात चांगला आहे ना? मग शाब्दिक उदाहरणं त्याच्याकडूनच वाचून घ्या. तिथे त्याला उत्तराची ओढ असते, वाचताना तो उठणार नाही.