ध्यान कुणाला लागू पडतं?

'अध्यात्म हेच आपलं मानसशास्त्र, त्याला प्रयोगांची गरज काय?' हे मत मला पटत नाही. बुद्धांनी, संतांनी मनाचं निरीक्षण फार बारकाईने केलं, यात वादच नाही. मोक्षाचा प्रश्नही प्रयोगशाळेच्या कक्षेबाहेरचा, तो तिथेच राहू द्या. पण ध्यान कुणाला लागू पडतं, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत जुनाट वेदनांच्या रुग्णांना ध्यान शिकवायला सुरुवात केली. त्याच धर्तीवर टीसडेल, सीगल आणि विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी नैराश्य उलटू नये म्हणून आठ आठवड्यांचा उपचार बांधला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांना स्पष्ट फायदा दिसला. दोनदाच येऊन गेलेल्यांना तो दिसला नाही. इतका नेमका फरक नुसत्या अनुभवाच्या जोरावर कुणाला सांगता आला असता?

म्हणून घरात कुणी नैराश्यावर औषधं घेत असेल, तर 'गोळ्या सोड, इगतपुरीला विपश्यनेच्या ध्यान-शिबिरात दहा दिवस बसून ये' असं कृपा करून सांगू नका. आधी डॉक्टरांना विचारा. त्या शिबिराच्या अर्जातसुद्धा मानसिक आजाराची आणि चालू औषधांची माहिती विचारलेली असते, ती लपवू नका.