मुले आणि आजोबा यांच्यासह थरचे वाळवंट : जैसलमेरमधील चार दिवस कसे योजावेत?

प्रश्न – नदीकाठ

नमस्कार. डिसेंबरअखेरच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून सहकुटुंब जैसलमेरला जाण्याचे ठरवत आहोत. सोबत पाच आणि दहा वर्षांची मुले असतील, तसेच सत्तरी ओलांडलेले सासरे असतील. त्यांचे गुडघे दुखतात, पण उत्साह दांडगा आहे. प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमांत दिवसा किल्ला आणि हवेल्या, संध्याकाळी सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावरून फेरी आणि रात्री तंबूत नाचगाणी, एवढेच आढळते. मुलांनी वाळूत मनसोक्त खेळावे आणि तिथले प्राणी, झाडे, माणसांचे जगणे त्यांना कळावे, अशी आमची इच्छा आहे. चार दिवसांत हे कसे जमवावे, ते कृपया सांगावे.

प्रतिसाद – माळरान

माझी आग्रहाची सूचना अशी की, वाळूच्या टेकड्यांवर संध्याकाळऐवजी सूर्योदयाच्या सुमारास जा. संध्याकाळी सम येथे जीपगाड्या, उंट आणि ध्वनिवर्धक यांची इतकी गर्दी होते की वाळूवर मोकळी जागा शोधावी लागते. पहाटे मात्र रात्रभर फिरलेल्या भुंगेऱ्यांच्या आणि क्वचित कोल्ह्याच्या पावलांच्या रांगा वाळूवर स्पष्ट दिसतात. मुले त्यांचा माग काढण्यात तासभर सहज रमतात. शक्य असल्यास समऐवजी खुहडी गावाजवळ मुक्काम करा. शहरापासून अंतर जवळपास तेवढेच आहे, पण गर्दी बरीच कमी असते. डिसेंबरात रात्रीचा पारा 5 ते 8 अंशांपर्यंत उतरतो आणि पहाटे वाळू बर्फासारखी गार लागते, म्हणून मुलांना कानटोप्या आणि मोजे हवेतच.

उंटाची फेरी अर्ध्या तासाची पुरे. उंट आधी मागचे पाय सरळ करून उठतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे झुकतो. त्या क्षणी मागे रेलून बसावे आणि लहान मुलाला मोठ्या माणसाच्या पुढ्यात घट्ट धरावे. आजोबांसाठी उंटगाडी अधिक सोयीची आहे.

एक सकाळ मरुभूमी राष्ट्रीय उद्यानासाठी राखून ठेवा. सुमारे 3,162 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात चिंकारा, गिधाडे आणि दैव असेल तर माळढोक दिसतो. आपल्या सोलापूरजवळील नान्नजच्या माळावर आता दुर्मिळ झालेल्या या पक्ष्याचा सर्वांत मोठा आधार आज जैसलमेर जिल्हाच आहे. पक्षी दिसला तरी गाडीतून उतरू नये आणि चालकाला जवळ जाण्याचा आग्रह करू नये, हे मुलांना आधीच समजावून सांगा. प्रवेशाच्या परवानगीची चौकशी वनविभागाकडे आदल्या दिवशीच करावी.

प्रतिसाद – पाटीपेन्सिल

मी भूगोल शिकवते, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलासाठी अकल येथील जीवाश्म उद्यान मी सर्वांत वर ठेवीन. बाडमेर रस्त्यावर सुमारे 17 किलोमीटरवर, उघड्या माळावर, साधारण 18 कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे दगड झालेले ओंडके पडलेले आहेत. आज झुडपांवाचून काही दिसत नाही अशा या भूमीवर डायनासोरांच्या काळात उष्ण, दमट हवामानातले अरण्य होते, हे मुलाला तिथे उभे राहून सांगता येते. सावली जवळजवळ नाही, म्हणून सकाळीच जावे.

कुलधरा या ओसाड गावाच्या भुताखेतांच्या गोष्टींवर वेळ घालवण्यापेक्षा तिथे पूर्वी राहणाऱ्या पालीवाल ब्राह्मणांची खडीन पद्धत मुलांना समजावून द्या. उतारावरून येणारे पावसाचे पाणी मातीच्या लांब बांधाने अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा, अशी ही शेती आहे. आपल्याकडील दुष्काळी तालुक्यांत पाझर तलाव पाहिलेल्या मुलांना तिचे मोल लगेच उमगते. जेवताना केर-सांगरीची भाजी अवश्य मागवा. केर म्हणजे एका वाळवंटी झुडपाची फळे आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या, अर्थात शमीच्या शेंगा.

प्रतिसाद – दुर्गभ्रमंती

माळरान यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण संध्याकाळचे संगीत सरसकट टाळू नये असे मला वाटते. मुक्कामाच्या ठिकाणी आधीच विचारून, ध्वनिवर्धकाविना मांगणियार या तिथल्या लोकगायक समाजातील कलाकारांचे गायन ठरवता आले, तर कमायचा, खडताल आणि मोरचंग ही वाद्ये मुलांना हाताच्या अंतरावरून पाहता येतात. त्या कलाकारांना योग्य मानधन मिळते ना, याचीही खात्री करून घ्यावी.

1156 मध्ये वसवलेल्या किल्ल्यात आजही लोक राहतात. चढ फरसबंद आहे. आजोबांना सकाळच्या उन्हात, थांबत थांबत न्यावे. मुक्काम मात्र किल्ल्याबाहेर करा, कारण वाढत्या सांडपाण्याच्या झिरपण्याने टेकडीचा पाया आणि बुरूज कमकुवत होत आले आहेत. त्या दिवशी दुपारनंतर गडीसर तलावावर नौकाविहार करावा. गुडघ्यांना विश्रांती मिळते आणि मुलेही खूश होतात.

नदीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिला दिवस किल्ला आणि गडीसर, दुसरा अकल आणि कुलधरा, मग खुहडीला मुक्काम करून तिसऱ्या पहाटे टेकड्या आणि चौथ्या सकाळी उद्यान, असे ठरवत आहोत. सासऱ्यांना पाकिस्तान सीमेजवळचे लोंगेवाला आणि तनोटही पाहायचे आहे. ते यात बसेल का?

माळरान

तनोट शहरापासून सुमारे 120 किलोमीटर आहे; लोंगेवाला धरून संपूर्ण दिवस गाडीत जाईल आणि पाच वर्षांचे मूल कंटाळेल. त्याऐवजी जोधपूर रस्त्यावरील लष्कराचे युद्ध संग्रहालय पाहा. 1971 च्या डिसेंबरात लोंगेवाल्याच्या ठाण्यावरील मूठभर जवानांनी रात्रभर पाकिस्तानी रणगाड्यांना कसे रोखले आणि उजाडताच जैसलमेरहून हवाई दलाची हंटर विमाने कशी आली, हे तिथे व्यवस्थित कळते, आणि रणगाडेही जवळून पाहता येतात. तिसऱ्या दिवशी खुहडीहून परतल्यावर दुपारी ते सहज होईल.