ड्रोन आले म्हणून डोकं गहाण टाकायचं का?

दर्यावर्दी: "यापुढे युद्ध यंत्रच जिंकणार, डावपेच इतिहासजमा" अशी पोस्ट काल इथे वाचली. पुरावा काय, तर युक्रेनचा १ जून २०२५ चा ड्रोनहल्ला. अहो, ड्रोन ते केवढेसे! खरी करामत ट्रकवरच्या लाकडी केबिनींची. ड्रोन त्यांत लपवून रशियात नेले, छपरं उघडली आणि पार सैबेरियातल्या बेलाया हवाई तळावर बाँबफेकी विमानं पेटली. १९७१ला आपण वेगळं काय केलं? ओसा या छोट्या युद्धबोटी किनारा राखायला घेतलेल्या, पल्ला तोकडा. नौदलाने त्या दुसऱ्या जहाजांमागे बांधून ओढत नेल्या आणि ४ डिसेंबरच्या रात्री थेट कराचीवर सोडल्या. बुडणाऱ्या पाकिस्तानी युद्धनौका 'खैबर'वरून संदेश गेला तो विमानहल्ल्याचा! आपल्याला कशाने मारलं हेच त्यांना कळलं नाही.

यंत्रप्रेमी: पोस्ट माझीच. दोरखंडाचं कौतुक पुरे, बोटीवर काय होतं ते बोला. स्टिक्स क्षेपणास्त्रं! १९६७ला इजिप्तने त्यांनीच इस्रायलची युद्धनौका 'एलात' बुडवली. नुसत्या तोफांच्या बोटी ओढत नेऊन बघायच्या होत्या.

दर्यावर्दी: म्हणजे चार वर्षं सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या अस्त्रापुढे कराची गाफील. माझंच काम केलंत, आभार.

कुलाबेकर मावशी: कराची सगळ्यांना पाठ. दीवसमोरची आपली युद्धनौका 'खुक्री'? ९ डिसेंबरला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आमच्या चाळीतला एक मुलगा त्यात होता. ब्लॅकआउट उठला तरी त्याच्या आईने खिडकीचे काळे कागद काढू दिले नाहीत.

घाटावरचा: ब्लॅकआउटवरून आठवलं, आमच्या दादरला एक वॉर्डन "लाइट बंद करा" म्हणून गल्लीभर बोंबलायचा आणि स्वतः जिन्यात बिडी ओढायचा!

गिरगावकर: आमच्याकडे तर गाड्यांच्या दिव्यांना काळा रंग फासायला पोरांना लावलं होतं. निम्मा रंग शर्टावर, घरी मार वेगळाच.

यंत्रप्रेमी: बिड्या आणि शर्ट झाले असतील तर मुद्द्यावर येऊ? 'खुक्री'ने माझंच म्हणणं सिद्ध होतं. त्यांची पाणबुडी नवी फ्रेंच, आपलं सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र, तुटपुंजं.

कुलाबेकर मावशी: माणसं गेली त्यातही तुम्हाला वाद जिंकायचाय? धन्य आहे.

यंत्रप्रेमी: मावशी, चांगलं सोनार असतं तर कदाचित गेली नसती, एवढंच म्हणतोय.

दर्यावर्दी: बरं बाबा, यंत्र लागतं. घ्या, लिहून दिलं. पण कराचीवरच्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी पाकिस्तानी विमानांनी भारतीय बोट समजून स्वतःच्याच 'झुल्फिकार' युद्धनौकेवर मारा केला. ती धास्ती कुठल्या कारखान्यात बनते, तेवढं सांगा.