मदत हवी आहे: गोळी देण्यासाठी कुत्र्याला हॉट डॉगचं सॉसेज चालेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही वेंगुर्ल्याचे. आमचा काळू गावठी आहे, चार वर्षांचा, वजन १२ किलो. पंधरा दिवसांमागे त्याने जेवण सोडलं. अंग तापलेलं, हिरड्या पांढुरक्या. सावंतवाडीला नेऊन रक्त तपासलं तर गोचीड ताप निघाला, प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन दोन्ही कमी. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा २८ दिवसांचा कोर्स चालू आहे, सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, खाण्यासोबत.

पण गोळी पोटात जायला हवी ना! पेजेत घातली तर पेज तशीच राहते. भाकरीत दडवली तर भाकरी खाऊन गोळी तेवढी ओटीवर ठेवतो. जबडा उघडून घालायला लागले, तर आता मला बघताच माडामागे जाऊन बसतो. हाक मारली की धावत येणारा कुत्रा माझ्यापासून लपतो, हे मला बघवत नाही.

आमच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. चार-पाच दिवसांमागे पाहुण्यांच्या मुलांनी हॉट डॉग केले होते. त्यातल्या सॉसेजच्या तुकड्यात मी गोळी खुपसली, तर एका घासात गेली. उरलेलं पाकीट पाहुणे देऊन गेले आणि चार दिवस तेच चाललंय. काल सहज पाकीट वाचलं: मीठ, नायट्राइट आणि कांदा-लसूण पावडर! कांदा देत नाहीत हे मला ठाऊक होतं, पावडरीचं लक्षातच आलं नाही. शिवाय पावसात रात्रभर वीज गेली तेव्हा ते पाकीट मऊ पडून पुन्हा गोठलंय.

रोज अर्धं सॉसेज पोटात गेलंय. काही अपाय झाला असेल का? आणि पुढे कधी खाऊ म्हणून द्यायचं झालं तर कसं करावं? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १
ताई, मी पशुवैद्यक आहे. ते पाकीट आजच टाका. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि पावडर तर ओल्या कांद्यापेक्षा जास्त तीव्र. काळूचं रक्त आधीच कमी आहे, म्हणून त्याच्या बाबतीत थोडंसुद्धा नको. इतक्याने अपाय होईलच असं नाही, पण परिणाम काही दिवसांनी दिसतो. तेव्हा लघवी लालसर किंवा तपकिरी होते का, धाप लागते का, हिरड्या आणखी फिकट होतात का ते बघा. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून किती दिवस, किती दिलं ते सांगा.

गोळीसाठी बिनमिठाचं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन घ्या. तीन छोटे गोळे करा. पहिला रिकामा द्या, दुसऱ्यात औषध, आणि तो चावत असतानाच तिसरा नाकासमोर धरा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा गिळला जातो. मागून पाणी पाजा किंवा जेवण द्या, ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. पनीर-दुधात देऊ नका, कॅल्शियममुळे औषध नीट लागत नाही.

तो बरा झाल्यावर सॉसेज द्यायचंच असेल तर कांदा-लसूण नसलेलं शोधा. तळू नका. आतपर्यंत गरम होईस्तोवर उकळा, पाणी फेका, गार करा. उभे चार भाग करून मग बारीक तुकडे करा; गोल चकती बरोबर घशात बसते आणि कुत्रा गुदमरतो. पाव, सॉस, मोहरीची चटणी काही नको. १२ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सातशेच्या आसपास कॅलरी लागतात आणि खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसवायचा. नेहमीच्या एका सॉसेजमध्ये दीडशेच्या घरात असतात, म्हणजे अर्ध्याहून थोडं कमीच, तेही पंधरवड्यातून एकदा. चरबी जास्त झाली की स्वादुपिंडाला सूज येते. गोव्याकडचं चोरीस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) मात्र कधीच नको, त्यात लसूण-मिरची भरपूर.

प्रतिसाद २
सुकट चालेल काय? आमची कुत्री वासानेच येते.

प्रतिसाद १
खारवलेली नको, मीठ फार. मासेमारी सुरू झाली की ताजा बांगडा उकडून, काटे नीट काढून द्या.

धागाकर्ती
मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले, परवा पुन्हा रक्त तपासायला बोलावलंय. लघवीचा रंग नेहमीसारखाच आहे. पाकीट खड्ड्यात पुरलं, नाहीतर शेजारच्या कुत्र्यांनी उकरलं असतं. संध्याकाळी चिकनचे तीन गोळे केले. दुसरा कधी गेला ते त्याला कळलंही नाही, आणि चौथा मागायला तो माझ्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला.