बोटीतून फांग न्गा : एका दिवसाच्या सहलीचे तुमचे अनुभव सांगा

ओंजळभर :
काल आईचा मणक्याचा एमआरआय होता. बंद जागेचा तिला धसका, त्यामुळे आदल्या रात्रीपासून माझ्याच पोटात गोळा. आणि ही बाई बाहेर आली ती चक्क हसत. "अगं, त्या गुहेसारखंच होतं. नाक छताला, हात आत, हलायचं नाही. मी आपली खोली यायची वाट बघत पडले होते."

गुहा म्हणजे थायलंडची, फांग न्गा बेमधली. २०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही फुकेतहून दिवसभराची बोट घेतली होती. मोठी बोट, मागे रबरी कयाक रचलेले. को फनाक बेटापाशी थांबलो तेव्हा गाईडने सांगितलं, दोघादोघांनी कयाकमध्ये उतरा, वल्हवायला आमचा माणूस आहे. आई नाही म्हणाली. मीही आग्रह केला नाही. तेवढ्यात आमच्या वाट्याचा वल्हेकरी खालून हात वर करून म्हणाला, "मामा, कम!" आई म्हणे, हा मला मामा का म्हणतोय? त्या हसण्याच्या भरातच ती उतरली.

आत मिट्ट काळोख. वटवाघळांचा उग्र वास. त्याच्या कपाळावरच्या दिव्याचा तेवढा एक गोल. मग छत खाली खाली यायला लागलं. "मामा, स्लीप." झालो आडव्या. दगड नाकापासून वीतभर. त्याने कयाकची थोडी हवा सोडली, फुस्स आवाज आला आणि मी आईचा हात गच्च धरला.

आणि मग एकदम उजेड. चहूबाजूंनी उंच हिरवे कडे, वर आकाशाचा तुकडा, खाली हिरवट संथ पाणी. थाई भाषेत याला होंग म्हणतात. होंग म्हणजे खोली. आई दहा मिनिटं एक शब्द बोलली नाही. परतताना काळोखात माझा हात तिनेच धरला, पण घाबरून नाही, मला धीर द्यायला.

काल रात्री जुने फोटो काढून बसलो दोघी. तुमच्याही अशा दिवसभराच्या बोटीच्या आठवणी असतील तर लिहा ना. फांग न्गाच हवं असं नाही.

शेवाळवाट :
"हात आत" हे अगदी खरं. छताला आणि कडांना कालवं चिकटलेली असतात, कवचं ब्लेडसारखी. माझ्या मनगटावर अजून पांढरी रेघ आहे. आमच्या वल्हेकऱ्याने स्वतःच्या डब्यातलं औषध लावलं आणि संध्याकाळपर्यंत तीनदा येऊन बघून गेला. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला नाही. उतरताना दोघांनी नुसते हात जोडले.

मधुमालती२ :
ताई, रिपोर्ट आला का? आईंना बसायला त्रास होतो का फार? माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं, फिजिओने खूप फरक पडला. कुकर लावलाय, बाकी नंतर लिहिते.

खडूफळा :
आम्ही ऑगस्टमध्ये. सगळे म्हणाले पावसाळ्यात समुद्र बंद असतो, जाऊ नका. सिमिलानची बेटं तेव्हा बंदच असतात, मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पण फांग न्गा बे आतल्या अंगाला आहे, नैर्ऋत्येचा मारा फुकेत बेट स्वतःवर घेतं, त्यामुळे आत पाणी बरंच शांत. पाऊस मात्र असा कोसळला की समोरचं बेट पुसलं गेलं. पाच मिनिटांनी परत उभं. मुलगा सहा वर्षांचा होता, त्याला वाटलं बेट बुडी मारून आलं. अजून तो तसंच सांगतो आणि मी दुरुस्त करत नाही.

पाणवठा :
भूगोल शिकवतो म्हणून राहवत नाही. तुम्ही ज्या 'खोली'त गेलात तिला कधीकाळी छत होतं. सगळा चुनखडीचा दगड, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते दगड विरघळवत आत पोकळ्या करतं. पोकळी वाढत वाढत छत कोसळलं की डोंगराच्या मधोमध विहीर तयार. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, म्हणजे हा बे म्हणजे कोरडी जमीन आणि ही बेटं म्हणजे मैदानात उभे डोंगर. बर्फ वितळलं, समुद्र चढला, विहिरींत पाणी आलं. मी गेलो तेव्हा गाईडने हे सगळं दोन वाक्यांत आणि एका भाताच्या मुदीवर करून दाखवलं. मुदीत बोटाने खळगा केला, वरून डाळीसारखं कालवण ओतलं. पंधरा वर्षं फळ्यावर काढतोय ते मला इतकं नीट कधी दाखवता आलं नाही. आता वर्गात मूदच नेतो.

कोरापदर :
मूद!! सर, तुमच्या वर्गात बसायचंय मला.

बिनधास्तमावशी :
आमचे हे पूर्ण वेळ बादलीत तोंड घालून. स्पीडबोट घेऊ नका ज्यांना लागते त्यांनी. घ्यायचीच तर पुढे बसू नका, मागे बसा, मागे आपटत नाही तेवढं. गोळी निघायच्या आधी, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि उपाशी जाऊ नका. ह्यांना गाईडने आल्याचा तुकडा दिला चघळायला आणि म्हणाला लांबच्या बेटाकडे बघत राहा. तेव्हा कुठे माणूस हसला. पंचवीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना इतकं हळवं झालेलं पाहिलं नव्हतं, माझा हात सोडेनात.

शेवाळवाट :
मावशी, बादली आणि प्रेम एकाच वाक्यात फक्त तुम्हीच आणू शकता.

उन्हाळी_सुट्टी :
जेम्स बाँड आयलंडबद्दल कोणीच लिहिलं नाही? ज्याच्यासाठी सगळे जातात ते! खरं नाव खाओ फिंग कान, आणि समोर पाण्यात उभा तो सुळका को ताप्पू. गाईड म्हणाला ताप्पू म्हणजे खिळा. आमच्यातले काका म्हणाले छे, टापू म्हणजे बेट, आम्हाला शिकवू नकोस. दोघांची अर्धा तास जुंपली होती, शेवटी गाईडने बोटीच्या फळीतला खिळा दाखवला. सुळका वीसेक मीटर उंच, खाली जेमतेम चार मीटर रुंद आणि वर दुप्पट, म्हणजे खरंच पाण्यात ठोकलेला खिळा. १९७४ च्या बाँडपटानंतर इतक्या बोटी त्याच्या पायाशी जायला लागल्या की १९९८ पासून जवळ जायला बंदी आहे. किनाऱ्यावरून बघायचं.
मला गर्दीमुळे त्या जागेचं फार काही वाटलं नाही. वीस मिनिटं दिली होती, त्यातली पंधरा फोटोच्या रांगेत.

पाणवठा :
खालून बारीक होण्याचं कारण भरती-ओहोटीची रेघ. त्याच पट्ट्यात लाटा, विरघळणं आणि दगड पोखरणारे जीव, तिघेही काम करतात. म्हणून बंदी योग्यच.

तिवरकाठ :
आम्ही कोळी. त्यामुळे माझं लक्ष बेटांपेक्षा होड्यांवर. ती लांब शेपटीची होडी, लाँगटेल म्हणतात, तिला मोटारगाडीचं इंजिन बसवलेलं असतं आणि त्याला लांबलचक दांडा, टोकाला पंखा. उथळ पाणी आलं की नाखवा आख्खं इंजिन दाबून पंखा वर उचलतो. मी त्याला खुणेने विचारलं, मी धरू का? त्याने माझे हात पाहिले, घट्टे पाहिले आणि सरळ दांडा हातात दिला. एवढा आनंद मला त्या सहलीत दुसऱ्या कशाचा झाला नाही.
आणखी एक. नाळीवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, रंगीत फडकी आणि फुलांच्या माळा बांधलेल्या असतात, त्या शोभेच्या नाहीत. होडीत देवी राहते, मे या नांग, तिच्या त्या. नाळीवर पाय देऊन फोटो काढू नका. आमच्या बोटीतल्या एका मुलीने दिला, नाखवा काही बोलला नाही, ती उतरल्यावर गुपचूप हात जोडले त्याने. मला फार वाईट वाटलं.

ओंजळभर :
तिवरकाठ दादा, हे माहीत नव्हतं. माझा नाळीवर उभी असलेला फोटो आहे. आता तो बघवणार नाही.

तिवरकाठ :
अगं न कळता झालेलं. देवी आईसारखीच असते, मनाला लावून घेऊ नकोस.

शाकाहारी_भटका :
जेवणाचं कोणी विचारत असेल तर, को पन्यीला जेवण असतं बहुतेक सहलींत. पाण्यात खांब रोवून वसवलेलं आख्खं गाव, पाठीमागे सरळसोट कडा. अठराव्या शतकाच्या शेवटी जावाहून आलेल्या मुस्लिम कोळ्यांनी वसवलं. मशीद आहे, शाळा आहे, दारू मिळत नाही. मला भीती होती की उपास घडणार. मी 'व्हेजिटेरियन' म्हणून दमलो. मग गाईडने विचारलं, "मांग्सविरत?" मी उडालोच. मांसविरति! आपलाच संस्कृत शब्द. मसूर-मूग सोडा, पण भाजी, साधा भात आणि अननस पोटभर मिळाला. एक टीप : 'नाम प्ला' नको हे वेगळं सांगा, तो माशाचा रस भाजीतही पडतो.

खडूफळा :
त्या गावात तरंगतं फुटबॉलचं मैदान पाहिलंत का? १९८६ चा विश्वचषक टीव्हीवर पाहून तिथल्या पोरांनी जुन्या लाकडाच्या फळ्या जोडून पहिलं मैदान केलं. खिळे वर आलेले, चेंडू सारखा पाण्यात. आमच्या मुलाने तिथल्या दोन मुलांबरोबर दहा मिनिटं पेनल्टी मारल्या. बोटीत बसायला तयार होईना. ती तीन पोरं धक्क्यावर उभी राहून हात हलवत होती, बोट वळेपर्यंत. दोन खरं तर, तिसरं कुठून आलं देव जाणे.

मधुमालती२ :
आले परत. आम्ही हा लाँग बे केलं, व्हिएतनाम. जानेवारीत. उष्ण देश म्हणून कॉटनचे कपडे नेले आणि कुडकुडलो. धुकं इतकं की बेटं सावल्यांसारखी, पण खरं सांगू, मला तेच आवडलं. गाईड मुलगी जेमतेम बावीसची. हा लाँग म्हणजे खाली उतरणारा ड्रॅगन, बेटं म्हणजे त्याने शत्रूवर टाकलेली रत्नं, असं सांगताना तिचे डोळे लकाकत होते. ती रोज सांगत असणार तरी. ती तोप नावाच्या बेटावर चारशेच्या वर पायऱ्या, सोव्हिएत अंतराळवीर तितोव १९६२ मध्ये आला होता त्याच्या नावाचं बेट. सासूबाई खालीच बसल्या. मी वर गेले, खाली बघितलं तर त्या आणि ती गाईड एकमेकींच्या बांगड्या बघत होत्या.

कोरापदर :
माझं थोडं अवघड आहे लिहायला. आमच्या बोटीत लाइफ जॅकेट मागितली तर "लागत नाही" म्हणाले. मी हट्ट धरला, बाकीचे वैतागले, उशीर होतोय म्हणून. २०१८ च्या जुलैत फुकेतजवळ वादळात बोट बुडून ४७ पर्यटक गेले होते, ते मी वाचलेलं होतं. शेवटी गाईडच उठला, धक्क्यावर जाऊन जॅकेट घेऊन आला, आधी स्वतः घातलं मग सगळ्यांना वाटली. मालकाचं बोलणं त्याने ऐकून घेतलं असेल नंतर. टिप म्हणून शंभर बात, म्हणजे थाई चलन, दिले, आज वाटतं फार कमी दिले. कृपया जॅकेट अंगावर असल्याशिवाय बोट सुटू देऊ नका. वैतागू दे सगळे.

बिनधास्तमावशी :
शाब्बास पोरी.

उन्हाळी_सुट्टी :
+१. आणि पैशांचं आधी विचारून घ्या. परदेशी लोकांना नॅशनल पार्कचं ३०० बात शुल्क होतं आमच्या वेळी, सहलीच्या भाड्यात धरलंय असं सांगून वर पुन्हा मागितलं. सनस्क्रीनही बघून न्या, प्रवाळांना अपाय करणारी चार रसायनं असलेली क्रीम थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंद आहेत. आम्ही सरळ लांब बाह्यांचे कपडे घातले.

रानमेवा :
थायलंडच्याच फी फी बेटांवरच्या माया बेला गेलंय का कोणी इतक्यात? मी २०१७ आणि २०२३. पहिल्यांदा गेले तेव्हा वाळूला टेकलेल्या बोटींमुळे पाणी दिसेना, डिझेलचा वास. जून २०१८ मध्ये बंद केलं, जानेवारी २०२२ ला उघडलं. आता बोटी मागच्या बाजूला थांबतात, फळ्यांच्या वाटेने चालत जायचं, पोहायचं नाही. मी काठावर उभी होते आणि घोट्याएवढ्या पाण्यातून काळ्या टोकाच्या पंखांची शार्कची पिल्लं गेली. चार-पाच. रडायलाच आलं मला. गाईड म्हणाला तो आधी इथे बोटच चालवायचा, बंद झाल्यावर फार चिडला होता. आता तो लोकांना पाण्यातून बाहेर बोलावतो.

शेवाळवाट :
अंगावर काटा आला वाचून.

घरट्यातली :
फेब्रुवारीत जायचंय, आईबाबांना घेऊन. ओंजळभर ताई, गुहेत कुठल्याही वेळी जाता येतं का?

तिवरकाठ :
नाही. भरती पूर्ण असली की गुहेचं तोंड बुडतं, ओहोटी पूर्ण असली की आत चिखल. मधला थोडा वेळ मिळतो, म्हणून चांगले गाईड सहलीची वेळ पाण्यावरून ठरवतात, घड्याळावरून नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जास्त चढतं-उतरतं, तेव्हा विचारूनच जा. आणि गाईड "आता बाहेर" म्हणाला की फोटो सोडून निघायचं.

ओंजळभर :
घरट्यातली, दादा सांगतात तसंच. जमलं तर अंधार पडेपर्यंत थांबणारी सहल घे. आम्ही संध्याकाळी केळीच्या खोडाचा काप, पानं आणि फुलं घेऊन क्राथोंग केले, मेणबत्ती लावून गुहेत पाण्यावर सोडले. नंतर वल्हेकऱ्याने ते उचलून परत आणले, आत काही ठेवायचं नाही म्हणून. मग त्याने दिवा विझवला आणि म्हणाला, मामा, हात पाण्यात. आईने बोटं फिरवली आणि पाण्यात निळसर ठिणग्या उठल्या.

आणि आई शेजारी बसून तुमचं सगळं ऐकतेय. ती म्हणते लिही, खोलीत शिरल्यावर मी गप्प का होते ते तुला माहीत नाही. चिखलात निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या. कांदळाच्या मुळांमध्ये, हुबेहूब आजोळच्या खाडीसारख्या. लहानपणी भावाबरोबर पकडायला जायची म्हणे. मला हे आज कळतंय.

तिवरकाठ :
आईंना सांग, निवट्यांचं कालवण कसं करायच्या ते लिहून पाठवा. आमच्या म्हातारीची रीत आता कोणालाच आठवत नाही.

ओंजळभर :
वही शोधायला गेली सुद्धा. मणका दुखतोय हे विसरून.